इनाससरांची यादी

मायक्रोफिल्मचं रीळ वाचून झालं की ते उलटं गुंडाळून डबीत ठेवायचं असतं. आमच्या यंत्राला त्यासाठी बटण होतं. दाबलं की अर्ध्या मिनिटात सगळी फिल्म सर्रकन मागे जाई. इनाससर ते बटण कधीच दाबत नसत. हँडल हाताने फिरवत, सावकाश, आणि पडद्यावरून उलटी जाणारी पानं पार पहिल्या पानापर्यंत बघत बसत. मला खोली बंद करून घरी जायची घाई असे. एकदा न राहवून मी म्हटलं, ‘‘सर, बटण आहे हो त्याला.’’

‘‘आहे ना,’’ ते म्हणाले. ‘‘पण आत माणसं आहेत. इतक्या जोरात फिरवलं तर घेरी येईल त्यांना.’’

हसून म्हणाले असते तर मी विनोद समजले असते. ते हसले नव्हते.

ऐंशीच्या दशकातली पहिली काही वर्षं मी डेट्रॉइटच्या उत्तरेला एका कॅथलिक कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होते आणि आठवड्याचे वीस तास लायब्ररीच्या तळघरात, मायक्रोफिल्मच्या खोलीत, काम करत होते. काम म्हणजे डब्या काढून देणं, डब्या परत ठेवणं आणि यंत्र अडकलं की त्याच्या कुशीत एक चापट मारणं. डॉक्टर इनास तुस्कानो तिथले इतिहासाचे प्राध्यापक. बुटके, काळेसावळे, केस पांढरेशुभ्र. डोक्याला तपकिरी हॅट आणि अंगात दोन मापं मोठा ओव्हरकोट. अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यात घाबरून घेतलेला. ‘‘वाटलं, इथलं खाऊन अंगात भरेन,’’ ते सांगत, ‘‘कोट वाट बघून थकला.’’ पहिले दोन महिने मी त्यांना मेक्सिकन समजत होते आणि ते मला पंजाबी. मग एक दिवस त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, चष्मा वर केला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, ‘‘शिंदे, गाव कुठलं?’’

माझ्या हातातली डबी खाली पडली. मिरज, मी म्हटलं. ते म्हणाले, वसई. त्या दिवसापासून मी वर्षाबाय झाले.

त्यांची मराठी माझ्यापेक्षा चांगली होती, आणि हे ते मला विसरू देत नसत. मी ‘फॉर्म सबमिट केलाय’ म्हटलं की ते ‘अर्ज सादर केलाय’ असं हळूच पुटपुटत, चर्चमध्ये प्रार्थनेला उत्तर द्यावं तसं. ट्रॉयला त्यांचं छोटं घर होतं. बायको जाऊन चार-पाच वर्षं झालेली. बैठकीच्या खोलीत एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात केळीचं झाड. ऑक्टोबरात ते आत ओढायचं, मे महिन्यात बाहेर. त्याला एकदाही घड धरला नाही. ‘‘वसईची केळी आहे, मानी आहे,’’ ते म्हणत. सुकेळीची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडी गावाहून कोणी आणली तर एक सुकेळं ते आठ दिवस पुरवून खात आणि मला बोटाच्या पेराएवढा तुकडा देत. देताना त्यांचा जीव खालीवर होई, हे मला दिसायचं, आणि म्हणून मी तो मुद्दाम घ्यायचे.

ट्रॉयच्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसायचा. एका वर्षी मी सरांना घेऊन गेले. तिथे पाटणकरकाकू होत्या, मंडळाच्या खजिनदार आणि बाकी सगळं. सरांशी पाच मिनिटं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अय्या, ख्रिश्चन असून तुमचं मराठी किती छान आहे हो.’’

‘‘काकू,’’ सर म्हणाले, ‘‘हिंदू असून तुमचंही काही वाईट नाही.’’

काकू पदर तोंडाला लावून हसल्या, आणि दोन मोदक जास्तीचे वाढले. सरांनी ते खाल्ले आणि सारणात जायफळ कमी आहे असं सांगितलं. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात फोर्डमध्ये की कुठेतरी असलेले एक इंजिनियर गृहस्थ म्हणाले, ‘‘पण सर, तुमच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी बळजबरीनेच बाटवलं ना?’’ त्यात कुत्सितपणा नव्हता. सहानुभूतीच होती.

सरांनी द्रोण खाली ठेवला. ‘‘आमचा पहिला इनास स्वतःहून गेला स्नानसंस्काराला,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला कोणी ओढून नेलं नाही. आमच्या घरात हे बाप मुलाला सांगत आलाय. तेव्हापासून चारशे वर्षं आमच्यातल्या एकाने मान वळवली नाही. पेशव्यांची फौज आली तेव्हा पण नाही.’’

आवाज चढला नव्हता, पण भोवतालची दोन-तीन माणसं सरकून बटाट्याच्या भाजीकडे गेली. कार्यक्रम संपल्यावर सर मागे थांबले आणि एकट्याने शंभरेक खुर्च्या रचून ठेवल्या. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, ‘‘स्वतःहून. हा शब्द महत्त्वाचा आहे, वर्षाबाय. नाहीतर मग सगळंच गेलं.’’

ते शिकवायचेही तोच काळ. जर्मनीतल्या एका साधूने रोमविरुद्ध आवाज उठवला, निम्मा युरोप पोपच्या हातून निसटला, आणि मग कॅथलिकांनी आपलं घर पुन्हा कसं उभं केलं, हा त्यांचा विषय. मी एकदा त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसले होते. इतरांनी त्या काळाला ‘प्रतिक्रिया’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘‘शेजाऱ्याच्या घराला आग लागल्यावर आपण आपलं घर झाडायला घेतलं, कबूल. पण झाडू आपलाच होता की नाही?’’ हे ते इंग्रजीत सांगत आणि पोरं झाडू म्हणजे काय हे न कळून लिहून घेत. चित्रं, सोनेरी छतं, नवी कॉलेजं, देशोदेशी गेलेले धर्मगुरू, हे सगळं ते एका तासात उरकत. त्यांचा जीव होता यादीत.

‘‘ट्रेंट गावी धर्मसभा भरली,’’ ते सांगत, ‘‘अठरा वर्षांचं घोंगडं. थांबत-थांबत, भांडत-भांडत. आणि त्यातून सर्वांत मोठी गोष्ट कोणती निघाली? वही. फादरने लग्नं लिहायची, स्नानसंस्कार लिहायचे. मग पुढे दर ईस्टरला घराघरातली माणसं लिहायची. नाव, वय, पापनिवेदन केलं की नाही, प्रसाद घेतला की नाही. त्याआधी शेतकऱ्याचं, मोलकरणीचं नाव कोणी लिहीत होतं का? समोरचे म्हणाले, प्रत्येकाने आपलं आपण पुस्तक वाचावं. आम्ही म्हटलं, वाचा. पण आधी तुमचं नाव सांगा.’’

ही यादीची श्रद्धा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की वर्गाची हजेरी हाच एक सोहळा असे. गैरहजर मुलाचं नाव घेतलं की ते थांबत. कोणीतरी म्हणे, ‘‘ही इज नॉट हिअर.’’ सर विचारत, ‘‘मग कुठे आहे?’’ शुक्रवारी सकाळी आठला एकोणीस वर्षांचं पोर कुठे असणार? पण उत्तर मिळेपर्यंत सर पुढच्या नावावर जात नसत. पोरं त्यांची नक्कल करायची आणि त्यांच्या वर्गाला गैरहजरही कमी राहायची.

वीस वर्षं ते एक पुस्तक लिहीत होते. वसईच्या पहिल्या ख्रिस्ती घरांविषयी. त्यासाठी जगभरातून फिल्मची रिळं मागवायची, वाचायची, परत पाठवायची. त्यांना एकच कागद हवा होता, ज्यात पहिल्या इनासची नोंद सापडेल. लिस्बनच्या एका जुन्या संग्रहात त्यांच्या गावच्या चर्चच्या ईस्टरच्या याद्या आहेत असं त्यांना कळलं होतं. पत्रांवर पत्रं गेली. तिकडून उत्तरं यायची ती अशी, की शोध चालू आहे.

लीना त्यांची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, नर्स. वडिलांसारखीच बुटकी आणि वडिलांसारखीच हट्टी. मिशिगनच्या पश्चिमेला, सरोवराच्या बाजूला, एका हॉस्पिटलात कामाला होती. तिथे तिला मार्क भेटला. मार्क चांगला होता, शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि त्याचे वडील प्रोटेस्टंट पाळक होते. सरांनी चार दिवस जेवण नीट केलं नाही, मग म्हणाले, ठीक आहे. बिशपची परवानगी काढ, लग्न त्यांच्या देवळात झालं तरी आपल्या वहीत लिहिलं जाईल. लीना म्हणाली, मला लग्न करायला बिशपची परवानगी कशाला हवी? तिथे ते अडलं. परवानगी नाही तर चर्चच्या लेखी ते लग्नच नाही, आणि लग्नच नाही तर सरांनी तिथे जाऊन बसायचं म्हणजे खोट्याला साक्ष द्यायची.

‘‘तिचं नाव कुठे लिहिलं जाणार?’’ त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, सर, काउंटीच्या ऑफिसात लिहिलं जाईल की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डब्या पुसायला घेतल्या.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी लीना लायब्ररीत माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते. ‘‘वर्षाताई, ही विल कम, राइट? तू सांग ना त्यांना. आई नाहीये. आय कान्ट वॉक देअर अलोन.’’

मी म्हटलं, येतील. खात्रीने म्हटलं. पाहुणा परत जाताना आपण ‘पोहोचाल वेळेवर’ म्हणतो ना, तसं. तिने त्यांच्यासाठी एक करड्या रंगाचा टाय आणला होता, तो माझ्याकडे दिला. मी तो सरांना दिला आणि माझ्या परीने बोललेही. म्हटलं, सर, देव काय तुमच्या कॉलेजची हजेरी घेतो का? ते म्हणाले, ‘‘घेतो.’’ पण टाय त्यांनी घेतला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला, आणि दोन दिवसांनी मला विचारलं की सरोवराकडे जायला कुठला हायवे बरा. मला वाटलं, जिंकलं.

लग्न शनिवारी दुपारी दोनला होतं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, लिस्बनहून डबी आली.

आमच्याकडे नियम होता, बाहेरून मागवलेलं रीळ आलं की ज्याचं असेल त्याला लगेच फोन करायचा. मी नियमाने फोन केला. आज इतक्या वर्षांनी लिहिताना मला एवढंच सांगता येतं की ती डबी खणात टाकून सोमवारपर्यंत गप्प बसणं मला सहज जमलं असतं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, ‘‘सोमवारी या सर, पळून जात नाही ती.’’ मग ते म्हणाले, ‘‘बघतो.’’

शनिवारी नऊला मी खोली उघडली तेव्हा सर पायरीवर बसले होते. काळा सूट, इस्त्रीचा शर्ट, लीनाचा करडा टाय, बुटांना पॉलिश. म्हणजे माणूस लग्नाला निघाला होता आणि पाय इकडे घेऊन आले होते. म्हणाले, ‘‘तासभर बघतो आणि निघतो.’’ त्यांनी नेहमीसारखे हात धुतले, पुसले, रीळ लावलं. मी माझी डाटाशीटं काढून बसले. हँडल फिरल्याचा आवाज मधूनमधून येत होता.

अकरा वाजून गेले असतील. ‘‘वर्षाबाय, जरा या,’’ ते म्हणाले.

पडद्यावर जुनं, शाई फुटलेलं अक्षर होतं. सर पोर्तुगीज वाचत आणि तिथल्या तिथे मराठीत सांगत. ‘‘ही ईस्टरची यादी. हे घर तुस्कानो नावाच्या एका पोर्तुगीज कप्तानाचं. ही त्याची बायको, हे नोकर. आणि हा शेवटी बघा. इनास. वय नऊ. पोरका.’’

‘‘सापडला,’’ मी म्हटलं. मला खरोखर आनंद झाला होता.

‘‘पोरका म्हणजे बाप नसलेला,’’ सर म्हणाले. ‘‘त्यांच्या कायद्यात बाप मेला की पोर पोरकं. आई असली तरी. असं पोर आईकडून काढून घ्यायचं, स्नानसंस्कार द्यायचा आणि ख्रिस्ती घरात ठेवायचं. हा कायदा मी शिकवतो. दर वर्षी. पाच मिनिटं.’’

मग त्यांनी पानाच्या कडेला बोट ठेवलं. तिथे फादरने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं. ‘‘याची आई मूर्तिपूजक. दारापर्यंत आली.’’

हँडल फिरलं. पुढच्या वर्षाची यादी, तेच घर. इनास, वय दहा. ‘‘आई दारापर्यंत आली. मुलगा दाखवला.’’ पुन्हा हँडल. इनास, वय अकरा. ‘‘आई आली. मुलाला म्हटलं, जा, भेट. तो म्हणाला, नको.’’

सर थांबले. ते वाक्य त्यांनी पुन्हा पोर्तुगीजमध्ये वाचलं, मग पुन्हा मराठीत. ‘‘त्याला जा म्हटलं होतं, वर्षाबाय. कोणी अडवलं नव्हतं. तो स्वतःहून गेला नाही.’’

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘‘सर, पण कशावरून हाच तुमचा?’’

‘‘तेच चर्च, तेच नाव,’’ ते म्हणाले. ‘‘आणि आमचा नसला तरी कोणाचा तरी आहेच ना.’’

मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. अडीच तासांचा रस्ता. मी म्हटलं, ‘‘सर, माझी गाडी मागेच उभी आहे. खोली बंद करते. आत्ता निघालो तर दोनच्या आत पोहोचतो.’’ मला नोकरीवरून काढलं असतं तर काढलं असतं. त्या क्षणी मी त्यांना खांद्याला धरून उठवायला हवं होतं. पण ते सर होते, मी वीस तासांची मदतनीस होते, आणि आपल्याकडे थोरल्यांच्या खांद्याला कोणी हात लावत नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. टायची गाठ नीट केली. मला वाटलं, उठले. ते म्हणाले, ‘‘पुढचं वर्ष बघू या.’’

इनास, वय बारा. आई आली. वय तेरा. आई आली. त्या फादरची बदली झाली असावी, अक्षर बदललं, पण नवा फादरही लिहीत राहिला. कदाचित जुन्याने सांगून ठेवलं असेल, की ती बाई येते, तिला हाकलू नका. वय चौदा, इनासने पापनिवेदन केलं, प्रसाद घेतला. आई आली. मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले. बारा वाजले, एक वाजला. दोन वाजता हँडल थांबलं. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. मिनिटकाटा पाच मिनिटं पुढे गेला आणि हँडल पुन्हा फिरायला लागलं.

‘‘ती यायची कधी थांबली, तेवढं मला बघायचंय,’’ ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

वय अठराच्या पुढे कडेला काही लिहिलेलं नव्हतं. तीन वाजले होते. त्यांनी रीळ उलटं गुंडाळलं, हातानेच. त्याला पाऊण तास लागला.

त्यांनी लीनाला फोन केला, दुसऱ्याच दिवशी. माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘इट्स ओके, पापा.’’ ती मनापासून म्हणाली असणार, मी तिला ओळखते. पण सर मला म्हणाले, ‘‘इट्स ओके म्हणजे काय, वर्षाबाय? पार्किंगमध्ये धक्का लागला तरी लोक हेच म्हणतात.’’

पुस्तक थांबलं. ते कधी संपलं नाही. शिकवणं चालू होतं, पण हजेरी संपवून ते दाराकडे बघत. बघतच राहत. पोरंही माना वळवून दाराकडे पाहत, तिथे कोणीच नसे. एका मुलाने मला विचारलं, डॉक्टर तुस्कानो कोणाची वाट बघतात? मी म्हटलं, त्यांना थंडी वाजत असेल, दार लावत जा. दार लावलं की सर उठून उघडत. मिशिगनचा जानेवारी, बाहेर शून्याखाली पारा, आणि वर्ग कोट घालून बसलेला. खात्याकडे तक्रार गेली तेव्हा ते म्हणाले की त्यांना कोंडल्यासारखं होतं. मला त्यांनी खरं सांगितलं. ‘‘ती आत येणार नाही, माहीत आहे. पण निदान दिसावी.’’ हे ऐकून मी दोन रात्री नीट झोपले नाही. मिरजेला असताना मी भुतांना कधी भ्याले नव्हते.

आणि ते पापनिवेदनाला जाऊ लागले.

पहिल्यांदा कॉलेजातल्या तरुण फादरकडे गेले. त्याचा वृत्तांत त्यांनी मला डबीवर बोट आपटत ऐकवला. ‘‘पापनिवेदनाला बसायची लाकडी पेटी नाही, जाळी नाही. एक खोली, दोन खुर्च्या, एक कुंडीतलं झाड. त्याच्या अंगात स्वेटर. मी सांगितलं, मी मुलीच्या लग्नाला गेलो नाही. तर मला विचारतो, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं? अरे, मी पाप सांगायला आलोय की प्रकृती? मग म्हणाला, देव प्रेमळ आहे, स्वतःला दोष देऊ नका, यात पाप नाही.’’

मग ते डेट्रॉइटच्या एका जुन्या वस्तीत ऐंशी वर्षांच्या फादरकडे गेले. तिथे पेटी होती, जाळी होती, अंधारही होता. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, परवानगीशिवायचं लग्न? मग तू बरोबर केलंस. पाप ते नव्हे. सर उठून बाहेर आले.

‘‘एक म्हणतो पाप नाही, कारण देव दयाळू आहे,’’ ते मला म्हणाले. ‘‘दुसरा म्हणतो पाप नाही, कारण मी नियम पाळला. वर्षाबाय, मग हे माझ्यापाशी उरलंय ते काय आहे?’’

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, उरलेल्याला आम्ही चूक म्हणतो आणि पुढे जातो. मी म्हटलं, सर, लीनाकडे जाऊन या, राहा चार दिवस. ते जाऊनही आले. ती त्यांना ‘पापा, तुम्ही पुन्हा तेच नका ना काढू’ म्हणाली. त्यानंतर ते एकेका चर्चला जात राहिले. पोलिश, इटालियन, आयरिश, मेक्सिकन. शनिवारी दुपारी पापनिवेदनाची वेळ असते, तेव्हा हॅट घालून निघायचे. कोणी तीनदा ‘नमो मरिया’ची प्रार्थना म्हणायला सांगे, कोणी तेही नाही. त्यांना काय हवं होतं ते मला हळूहळू कळलं. कोणीतरी एकदा म्हणावं, हो, हे पाप आहे, आणि त्याला एवढं एवढं प्रायश्चित्त आहे. इतकं जड, की ते केल्यावर हलकं वाटेल.

दोन वर्षांनी माझी पदवी झाली. क्युपर्टिनोला नोकरी लागली. निघायच्या आधीच्या शनिवारी लीना आली होती, सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन. मार्कला शाळेचं काहीतरी काम होतं, तो आला नव्हता. तिने ठरवलं होतं की आम्ही चौघांनी बाहेर जेवायचं, मग सरांनी रात्री तिच्याबरोबर सरोवराकडे जायचं आणि महिनाभर राहायचं. सरांनी बॅग भरली होती. जाताना म्हणाले, पाच मिनिटं चर्चमध्ये जाऊन येतो. वाटेवरचंच होतं, उंच मनोऱ्याचं, विटांचं. लीना गाडी फुटपाथला लावून बसली. बाळ मागे झोपलं होतं. पाच मिनिटांची पंचवीस झाली तेव्हा ती म्हणाली, ‘‘वर्षाताई, प्लीज जाऊन बघशील? मी हिला उठवलं तर रडेल.’’

आत सहा-सात माणसं बाकांच्या कडेने रांगेत उभी होती, बहुतेक म्हाताऱ्या बायका, डोक्याला रुमाल बांधलेल्या. लाकडी पेटीवरचा दिवा लाल होता. मी मागे उभी राहिले. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला आणि पडदा सारून सर बाहेर आले. बाकावर गुडघे टेकून त्यांनी काहीतरी म्हटलं, फार नाही, अर्धं मिनिट. मग उठले, हॅट घेतली, मधल्या वाटेने माझ्या दिशेने आले. मला पाहून किंचित हसलेसुद्धा. दाराजवळच्या भांड्यातल्या पवित्र पाण्यात त्यांनी बोटं बुडवली आणि कपाळाला लावली.

उघड्या दारातून रस्ता दिसत होता. गाडी दिसत होती. लीना मागच्या सीटकडे वळून बाळाची टोपी नीट करत होती.

सर तिच्याकडे पाहत उभे राहिले. मी म्हटलं, ‘‘चला ना सर.’’

ते म्हणाले, ‘‘आलोच.’’ आणि मागे फिरून, एकेक बाक ओलांडत, रांगेच्या अगदी शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले. हॅट दोन्ही हातांत छातीशी धरलेली, कोट गुडघ्यांखाली लोंबणारा. पुढची बाई एक पाऊल सरकली, तेही एक पाऊल सरकले.

मी बाहेर आले. बाळ जागं झालं होतं. लीनाने काच खाली केली आणि विचारलं, ‘‘इज ही डन?’’

मी म्हटलं, ‘‘अजून नाही.’’

तिने मान डोलावली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि बाळाला मांडीवर घेतलं.